तेरड्याचा रंग आणि हातातला कॅमेरा



गौरी-गणपती झाले. भाताची शेवटची बेणणी उरकली, नाचणी पोटरीत आली. दसरा-दिवाळीच्या सुगीला अजून थोडा अवकाश आहे. वर्षातले हे पंधरा-वीस दिवसच असे की शेतकऱ्याला मान वर करून इकडेतिकडे बघायला सवड मिळते. म्हणून आज कीड, खत, बियाणे यांचा विषय बाजूला ठेवू आणि घरामागच्या डोंगराकडे बघू.

पूर्वी फोटो काढायचा म्हणजे तालुक्याच्या गावी जाऊन, नवे कपडे घालून, पाठीमागे रंगवलेला पडदा लावून बसावे लागे. वर्षानुवर्षांत एखादा फोटो निघे आणि तो चौकटीत बसून भिंतीवर जाई. आता तसे राहिले नाही. घरातल्या एकाच्या तरी खिशात फोटो काढणारा फोन असतोच. आपण पोळ्याला बैलांचा फोटो काढतो, बारशाचा काढतो, नव्या ट्रॅक्टरचा तर दहा वेळा काढतो. पण डोंगराचा? "रोजचाच तो डोंगर, त्याचा कसला फोटो काढायचा?" असे आपण म्हणतो. आणि त्याच डोंगराचे फोटो काढायला शहरातली माणसे शंभर-दीडशे किलोमीटर गाडी हाणून, पहाटे अंधारात आपल्या गावात येऊन उतरतात.

ते का येतात, त्यांना काय दिसते, आणि ते आपण आपल्या हाताने का टिपून ठेवले पाहिजे, हे आज सांगायचे आहे. यात हौस आहेच. पण हौसेपेक्षा मोठे काहीतरी आहे. ते शेवटी येईल.

रंग येतो कुठून?

थंड मुलखात शरद ऋतू आला की झाडांची पाने पिवळी, नारिंगी, लाल होतात. आपल्या काश्मीरमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात चिनाराची झाडे पेटल्यासारखी लाल दिसतात. जपानात, युरोपात, अमेरिकेत तर त्या दिवसांत लोक रजा काढून डोंगरवाटांनी हिंडतात आणि फोटो काढतात.

यामागचे शास्त्र सोपे आहे. पानात हिरवा रंग असतो तो हरितद्रव्याचा. त्याच पानात पिवळा रंगही मुळातच असतो, पण हिरव्याच्या दाटीत तो झाकलेला राहतो. दिवस लहान झाले, रात्री गार पडू लागल्या, की झाड पानातला कस आत ओढून घेते. नवे हरितद्रव्य बनवणे थांबते, जुने विरून जाते आणि झाकलेला पिवळा वर येतो. लालाची गोष्ट निराळी. तो आधीपासून नसतो. उन्हाचे दिवस आणि गार रात्री यांच्या जोडीने कित्येक झाडांच्या पानांत तो शेवटी शेवटी नव्याने तयार होतो.

कापूस लावणाऱ्या बंधूंना हे वाचून काही आठवले असेल. कपाशीवर येतो तो लाल्या! नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले, पाण्याचा ताण बसला, त्यात रात्री गारठल्या, की कपाशीचे हिरवे पान लाल होते. चिनाराचा लाल आणि लाल्याचा लाल हे एकाच जातीचे रंगद्रव्य. डोंगरावर ती शोभा, शेतात ती तक्रार. शाळेच्या अंगणात देशी बदाम असेल तर त्याचे गळायला आलेले लाल पान मुलांना दाखवा. चिनार बघायला काश्मीर गाठायला नको.

पण आपल्या सह्याद्रीत डोंगरच्या डोंगर पानांनी लाल होत नाहीत. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. त्या वेळी जमिनीत ओल असते आणि झाडे हिरवीगार असतात. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. ती थंडीपेक्षा पाण्याच्या काटकसरीसाठी असते. आणि आपल्याकडची लाल पाने बऱ्याचदा म्हातारी नसतात, कोवळी असतात. फाल्गुन-चैत्रात कोशिंबाला नवी पालवी फुटते ती बघा, दुरून वाटते झाड फुलले आहे.

मग आपल्या शरदाचे रंग कोणते? फुलांचे आणि गवताचे. पावसाने झोडपलेला काळा कातळ, त्यावर बोटभर माती आणि त्या मातीवर महिना-दीड महिना मांडलेला रंगांचा बाजार.

कोणता रंग केव्हा?

सुरुवात श्रावणात होते. झुडपांवर चढून कळलावी फुलते. अर्धी पिवळी, अर्धी तांबडी, ज्वाळेसारखी. दिसायला देखणी, पण तिचा कंद जहाल विषारी. फोटो काढा, मुलांना मात्र हात लावू देऊ नका.

भाद्रपदात तेरडा. आमच्या भगिनींना त्याची ओळख करून द्यायला नको, कारण कित्येक गावांत तेरड्याचीच गौर आणतात. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण ज्याने केली त्याने डोंगर नीट पाहिलेला असणार. आज उतारावर गुलाबी चादर दिसते, आठ दिवस उशीर केला की हिरव्या शेंगा उरतात. पिकलेल्या शेंगेला नुसता धक्का लागला तरी ती फट्‌कन फुटून बी उडते.

त्याच्या मागोमाग सोनकी. गड-किल्ल्यांच्या माथ्यांवर, घाटाच्या कड्यांवर हळद सांडल्यासारखी पिवळीधमक. अकोले तालुक्यातला रतनगड या सोनकीसाठी नावाजलेला आहे. तिच्याबरोबर कवळा असतो. त्याच्या काही जातींच्या पिवळ्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात. हा कवळा तूर-हरभऱ्याच्या कुळातला. हवेतले नत्र मुळांवरच्या गाठींत साठवणारा. डोंगराचे खत डोंगर असे स्वतःच तयार करतो.

कातळावर जिथे पाणी झिरपत असते तिथे खाली वाकून बघा. जांभळ्या-निळ्या इवल्याशा फुलांची दाटी दिसेल. ती सीतेची आसवं. त्या जागी माती अशी नसतेच आणि नत्र तर नावालाही नाही. मग ही वनस्पती काय करते? तिच्या मुळाशी बारीक फुगे असतात, त्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते आणि नत्राची भूक भागवते. आपल्याला युरियाची गोणी परवडेना म्हणून आपण कुरकुरतो. तिने आपली तजवीज स्वतःच केली आहे. तिच्याशेजारी गेंदाची पांढरी गोंडेदार फुले असतात. दुरून वाटते कुणी साबुदाणा वाळत घातला आहे.

मग कारवी. ही दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांनी एकदाच अवघा डोंगर निळा-जांभळा करते, बी धरते आणि मरते. कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या आणणाऱ्या जुन्या माणसांना तिचे वर्ष बरोबर ठाऊक असते. त्या वर्षी कारवीचा मध मिळतो तो गडद आणि दाट. ज्या वर्षी तुमच्या डोंगरावर कारवी फुलेल त्या वर्षी फोटो काढायचा राहिला, तर पहिलीतले पोर आठवी-नववीत जाईपर्यंत पुन्हा संधी नाही.

आणि शेवटी गवत. कोजागिरीनंतर हिरवा डोंगर हळूहळू पोपटी, मग पिवळा, मग कार्तिकात सोनेरी होतो. खाली भाताची खाचरे सोनेरी, वर गवत सोनेरी. या रंगाला कुणी तिकीट लावत नाही, म्हणून आपण तो रंग धरतच नाही.

पायाखाली काय आहे?

फोटो काढण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. सड्यावरची माती शेतातल्या मातीसारखी नसते. जांभ्या कातळाच्या खळग्यांत, फटींत साठलेली ती चिमूट-पसाभर माती. कुठे बोटभर, कुठे चार बोटे. ती तयार व्हायला पिढ्यान्‌पिढ्यांचे ऊनपाऊस लागले. वाफशात नसलेल्या वावरात गाडी घातली तर चाकोरीत पुढे पीक कसे येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. सड्यावर एका ओळीत पंचवीस माणसे चालली की तेच होते. माती दडपते, पुढच्या सरीने वाहून जाते आणि खाली उघडा कातळ राहतो.

दुसरे असे की यातली तेरड्यासारखी बरीच रोपे एक वर्षाची आहेत. त्यांना ना कंद, ना खोड. यंदाचे बी जमिनीवर पडले तर पुढच्या वर्षी फूल. बी धरण्याआधी फूल तोडले किंवा त्यावर बसून फोटो काढला, तर पुढच्या वर्षीचे बियाणेच मोडले. घरचे बियाणे दळून खाणाऱ्याला आपण काय म्हणतो?

म्हणून नियम साधा. मळलेल्या पायवाटेने चालायचे. वाट सोडावी लागली तर उघड्या दगडावर पाय ठेवायचा. गुडघा टेकायचा तो दगडावर टेकायचा. फूल तोडून, हातात धरून फोटो काढायचा नाही. फुलाची शोभा ते जिथे उगवले तिथेच आहे.

फोटो कसा काढावा?

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साधा फोन पुरतो. पुढच्या गोष्टी मात्र सांभाळा.

पहिली गोष्ट, भिंग पुसा. फोन खिशात तंबाखूच्या पुडीबरोबर असतो, नाहीतर तेलाच्या हाताने धरलेला असतो. धूसर फोटोचे निम्मे कारण हेच. धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसा, पण कापड स्वच्छ आणि सुती असावे.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी उन्हे वर येण्याआधी, नाहीतर दुपारी चारनंतर. तिरप्या उन्हात उतार उठून दिसतात, डोंगराची घडी न्‌ घडी मोजता येते. भर दुपारी सगळे सपाट आणि फिके येते. आभाळ भरून आले असेल तर निराश होऊ नका. ढगाळ उजेडात फुलांचे रंग उलट जास्त खरे उतरतात.

तिसरी गोष्ट पिवळ्या रंगाची. सोनकीचा फोटो काढला की पुष्कळदा पिवळा फटफटीत पांढरा येतो. बहुतेक फोनांत पडद्यावरच्या फुलावर बोट दाबून धरले की सूर्याची छोटी खूण येते. ती खाली ओढा, उजेड कमी होईल आणि पाकळ्या दिसू लागतील.

चौथी, खाली वाका. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत फूल म्हणजे नुसता ठिपका. फुलाच्या उंचीला फोन न्या. पण फार जवळ नेलात तर फोटो अंधुक येतो. साधारण वीतभर अंतर ठेवा आणि मग घरी बसून नको तेवढी कडा कापून टाका. झूम शक्यतो वापरू नका, त्याने फोटो फुटतो. जवळ जाता येत असेल तर दोन पावले चाला.

पाचवी, वाऱ्याला मान द्या. सड्यावर वारा थांबत नाही, पण मधेच एक क्षण दम घेतो. फोन दोन्ही हातांनी धरून, कोपरे अंगाला टेकवून त्या क्षणाची वाट बघा. उफणणी करताना आपण वाऱ्याची वाट बघतो, इथे वारा पडण्याची.

सहावी सर्वांत महत्त्वाची. एका फुलाचे तीन फोटो काढा. एक लांबून, म्हणजे ते कोणत्या जागी आहे ते कळेल. एक अख्ख्या रोपाचा, पानांसकट. आणि एक फुलाचा जवळून. नुसत्या फुलावरून जाणकारालाही पुष्कळदा नाव सांगता येत नाही, पान लागतेच. शेजारी रुपयाचे नाणे ठेवले तर आकारही समजतो. फोटो झाल्यावर नाणे उचलायला विसरू नका!

हीच रीत शेतातही चालते बरे का. पिकावरच्या रोगाचा फोटो कृषी सहायकाला पाठवाल तेव्हा अख्खे वावर, अख्खे झाड आणि रोगट पान उलट-सुलट दोन्ही बाजूंनी, असे पाठवा. नुसते एक धूसर पिवळे पान पाठवून "यावर काय मारू?" असे विचारले तर सांगणारा तरी काय सांगणार?

फोटोपेक्षा जीव मोठा

या दिवसांत कातळावर शेवाळ असते. कड्याच्या टोकाला गवत लोंबते आणि त्याखाली जमीन आहे असे वाटते, प्रत्यक्षात ती नसते. फोनच्या पडद्यात बघत मागे मागे सरकणे म्हणजे डोळे बांधून विहिरीच्या काठाने चालणे. कड्यापासून दोन-तीन माणसे आडवी झोपतील एवढे अंतर सोडूनच उभे राहा. पोरांना एकटे पाठवू नका.

दगडाच्या आडोशाला, गवताच्या बुंध्याशी फुरसे असते. ते लहान दिसते, पण विषारी आहे. हात टेकण्याआधी काठीने जागा हलवून बघा, पायात बूट घाला. चावलेच तर मंत्र-तंत्र, जखम कापणे, दोरीने करकचून बांधणे यात वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या. सर्पदंशावरची लस तिथेच मिळते.

कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असते. त्याच्याखाली विडी, धूर, आरडाओरडा, दगड मारणे काहीही नको. फोटोसाठी मोहोळ डिवचण्याची अवदसा कुणाला आठवू नये. आणि परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. गडगडाट ऐकू आला की माथा सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, खाली उतरा. रंग उद्याही असतील.

एकाच दगडावरून

आता मघाशी जी मोठी गोष्ट सांगतो म्हणालो ती.

कामानिमित्त एका डोंगरी गावात गेलो होतो. गावच्या सड्याचा एक भाग जांभ्याच्या खाणीसाठी द्यायचा की नाही यावर ग्रामसभेत कडाक्याचा वाद चालला होता. एक बाजू म्हणे, "सडा म्हणजे पडीक कातळ, त्यावर काय पिकतंय?" दुसरी बाजू म्हणे, "तिथं केवढी फुलं असतात, गुरांना चारा असतो, झऱ्याला पाणी तिथूनच येतं." एक आजी उठून म्हणाल्या, "अवो, भादव्यात तितं पाय ठेवाया जागा नसायची. पांढरं, निळं, पिवळं नुसतं." कुणीतरी विचारले, "आजी, पुरावा काय?" आजी गप्प बसल्या. चारशे उंबऱ्यांचे गाव, घरोघर फोन, आणि त्या सड्याचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. पुढे शोधाशोध केल्यावर एक फोटो मिळाला, तो परगावच्या एका हौशी प्रवाशाने काढलेला. गावाच्या दैवताचा मुखवटा गावात नसावा आणि परक्याच्या घरी असावा, तसा हा प्रकार.

बंधू-भगिनींनो, जमिनीला सातबारा असतो. विहिरीची नोंद असते, झाडांची नोंद असते. डोंगराच्या रंगांना सातबारा नाही. जे नोंदलेले नाही ते गेले तरी कुणाला कळत नाही, आणि होते असे सांगितले तर कुणाला पटत नाही.

म्हणून एक व्रत घ्या. गावातून डोंगर नीट दिसतो असा एक पक्का दगड, देवळाचा कट्टा किंवा पाराचा कोपरा निवडा. त्यावर उभे राहून, तोंड त्याच दिशेला करून, वर्षातून चार फोटो काढा. एक आषाढात, एक अनंत चतुर्दशीच्या सुमारास, एक दिवाळीत आणि एक होळीला. दरवर्षी तोच दगड, तीच दिशा. फोटोत तारीख असते, तरी वहीत वेगळी लिहून ठेवा. त्या दिवसापर्यंतचा पाऊस, कोणते फूल दिसले, गवत किती वाढले, याच्या दोन ओळी लिहा.

पहिल्या वर्षी यात काही विशेष वाटणार नाही. पाच वर्षांनी हे फोटो ओळीने मांडा. सोनकी आधी फुलते की उशिरा, हे कळेल. होळीच्या फोटोत काळा पडलेला उतार पुढच्या भाद्रपदात कसा दिसतो, म्हणजे वणव्याने खरोखर गवत चांगले येते की नुसती माती वाहते, हे डोळ्यांनी दिसेल. गुरे फार चरल्याने फुले कमी होतात की चराई बंद झाल्याने उंच गवत माजून फुले दबतात, हा वाद गावोगाव आहे. दोन्ही ठिकाणी दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. तुमच्या डोंगरावर काय खरे, ते तुमचेच फोटो सांगतील.

याला कायद्याचाही आधार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, आणि तिने गावच्या झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांची, पिकांच्या वाणांची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करायची असते. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ही वही एकदा मागून बघा. ती कपाटात बंद असेल, तर उघडायला लावा. अपुरी असेल, तर तुमचे फोटो त्यात जाऊ द्या. शाळेतल्या गुरुजींना आणि मुलांना बरोबर घ्या.

आणि फोटो काढून झाला की तो घरातल्या आजीला दाखवा. "याला काय म्हणतात? भाजी करतात का? गुरे खातात का? औषधाला चालते का?" असे विचारा. आजी जे नाव सांगेल ते फोटोबरोबर लिहा, जमल्यास तिच्याच आवाजात फोनवर भरून ठेवा. पुस्तकात त्या फुलाचे लॅटिन नाव मिळेल. तुमच्या खोऱ्यातले नाव फक्त आजीकडे आहे, आणि आजी कायमची नाही. फुले पुढच्या वर्षी पुन्हा उगवतील. नावे मात्र एकदा गेली की उगवत नाहीत.

पाहुणे आले तर

सातारा शहराच्या पश्चिमेला, सुमारे पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आहे. तिथे साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यांत महाराष्ट्रातली चार: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. पुढे कासला गर्दी इतकी वाढली की दररोज किती माणसे सोडायची यावर मर्यादा घालावी लागली. आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर हंगामाची व्यवस्था बघतात. प्रवेशशुल्क, वाहनतळ, वाटाड्याचे काम यांतून गावच्या तरुणांना चार पैसे मिळतात.

तुमच्या डोंगरावर उद्या असेच पाहुणे आले तर त्यांना हुसकावू नका, पण मोकाटही सोडू नका. पाहुणा येण्याआधी गावाने बसून ठरवावे की गाड्या कुठे लावायच्या, वाट कोणती, कोणत्या भागात जायचेच नाही, कचरा कोण परत नेणार. नाचणीच्या उभ्या वावरात शिरून कुणी फोटो काढू लागला तर नम्रपणे सांगा, "पाव्हणं, हे फुलांचं रान नव्हे, हे आमचं ताट आहे." शहाणा माणूस लगेच मागे फिरतो. गावचा एक पोरगा किंवा पोरगी वाटाड्या म्हणून बरोबर दिली, तर दोघांचेही भले होते. आणि ज्याच्याकडे चार वर्षांचे फोटो आणि आजीने सांगितलेली नावे आहेत, त्याच्याइतका चांगला वाटाड्या कुठल्या पुस्तकात मिळणार आहे?

एक सावधगिरी मात्र बाळगा. काही वनस्पती फार थोड्या उरल्या आहेत. कंदीलपुष्पाच्या काही जाती तशाच. त्यांचे कंद खणून खाल्ले जातात म्हणूनही त्या घटल्या. अशा फुलाचा फोटो काढला तर जागा सर्वांना सांगत सुटू नका. फोनमध्ये फोटोबरोबर ठिकाणाचीही नोंद आपोआप होऊ शकते, म्हणून असा फोटो बाहेर पाठवण्याआधी ती सोय बंद करा. विहिरीतल्या सोन्याचा पत्ता कुणी चावडीवर लावत नाही. गावच्या नोंदवहीत मात्र फोटो जरूर ठेवा.

तर आता वाट कसली बघता? सोनकी अजून कड्यावर आहे, गवताचा तुरा नुकता बाहेर पडतो आहे. येत्या रविवारी सकाळी दूध डेअरीला घालून झाले की मुलांना आणि शक्य तर म्हाताऱ्या माणसांनाही बरोबर घ्या. ज्यांना चढवणार नाही त्यांना पाराच्या कट्ट्यावर बसवा, तिथूनही डोंगर दिसतो. पहिला फोटो काढा, तारीख लिहा आणि त्या दगडावर चुन्याची छोटी खूण करा. पुढच्या वर्षी तिथेच उभे राहायचे आहे.

पुढच्या अंकात भाताच्या कापणीची योग्य वेळ आणि बियाण्यासाठी लोंब्या कशा निवडाव्यात, याविषयी बोलू. तोवर सर्वांना सप्रेम नमस्कार.